दंडावरची मेड्यूसा, फोनमधली अंबाबाई

नवरात्र तोंडावर आलं की माझ्याकडं येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. एरवी शुद्धलेखन, मुलांची नावं, जुन्या म्हणींचे अर्थ विचारणारी मंडळी देवीविषयी विचारू लागतात. यंदा तर देवीच्या शेजारी फोनही आला. म्हणून या वेळी म्हणी बाजूला ठेवते.

बाई, सप्रेम नमस्कार. माझी मुलगी पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गणपतीला घरी आली ती दंडावर गोंदवून. बाईचा चेहरा आणि केसांच्या जागी साप. मेड्यूसा म्हणे. इन्स्टावर सगळ्या मुली काढतात म्हणाली. आमच्या सासूबाईंच्या कपाळावर, हातावर गोंदण होतं, त्यामुळं गोंदण्याचं मला काही वाटत नाही. पण ही परक्या मुलखातली राक्षसीण कशाला? आपल्याकडं देव्या कमी आहेत का? असं मी विचारलं, तर ती गप्प झाली आणि उठून खोलीत गेली.
— एक आई, शिवाजी पेठ

ताई, तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं. त्याकडं येतेच, पण आधी त्या सापांची गोष्ट ऐका. ती माहीत नसताना मुलीशी बोलायला जाऊ नका.

मेड्यूसा ग्रीकांची. गॉर्गन म्हणवल्या जाणाऱ्या तीन बहिणींपैकी ही एकटीच मर्त्य. तिच्याकडं बघणाऱ्याचा दगड व्हायचा. पर्सियस नावाच्या वीरानं ती झोपेत असताना तिचं डोकं कापलं आणि पुढं ते अथेना देवीकडं गेलं. ग्रीक लोक तिचा भेसूर चेहरा देवळांवर, ढालींवर काढायचे, वाईट ते बाहेरच थांबावं म्हणून. आपल्या देवळांच्या दाराशी कीर्तिमुख असतं, तसंच म्हणा. हेसिअड या जुन्या ग्रीक कवीनं सांगितलेल्या गोष्टीत समुद्राचा देव आणि ती फुलांच्या कुरणात एकत्र येतात, इतकंच आहे. त्यानंतर काही शतकं गेली आणि इसवी सनाच्या 8व्या वर्षाच्या सुमारास ओव्हिड या रोमन कवीनं तीच गोष्ट निराळी सांगितली. त्याची मेड्यूसा ही केसांसाठी नावाजलेली देखणी मुलगी. समुद्राचा देव त्याच अथेना देवीच्या देवळात तिच्यावर बळजबरी करतो. आणि देवी शिक्षा कुणाला करते? मुलीला. तिचे केस साप होतात.

आजच्या मुलींनी उचलली ती ही ओव्हिडची मेड्यूसा. गेल्या काही वर्षांत अत्याचार सोसून उभ्या राहिलेल्या कितीतरी बायकांनी तिला अंगावर गोंदवून घेतलं आणि टिकटॉकवर आपली हकीकत सांगितली. आपल्याकडं ते जून 2020 पासून बंद आहे, पण तीच चित्रं इन्स्टाग्रामवरनं इथवर पोहोचली. लुचियानो गार्बाती नावाच्या शिल्पकारानं 2008 साली एक पुतळा घडवला होता. त्यात मेड्यूसा उभी आहे, एका हातात तलवार आणि दुसऱ्या हातात पर्सियसचं कापलेलं मुंडकं. दहा वर्षं त्याकडं कुणाचं फारसं लक्ष नव्हतं. मग त्याचा फोटो फोनाफोनी फिरला, आणि ऑक्टोबर 2020 मध्ये तो पुतळा न्यूयॉर्कमध्ये फौजदारी कोर्टासमोरच्या बागेत काही महिन्यांसाठी उभा राहिला. तेव्हा तिथल्या बायकांनी एक प्रश्न विचारला, तो मला फार मोलाचा वाटतो. हातातलं डोकं पर्सियसचं का? बळजबरी करणारा तर समुद्राचा देव होता, तो कुठं आहे? गोष्ट उलटी केली तरी खरा गुन्हेगार सुटलाच की.

आता आपल्या देव्यांचं. आपल्याकडंही डोकं उडवलेली आई आहे, ताई. रेणुका. पाण्यावर गेली असताना जलक्रीडा करणारा राजा चित्ररथ तिला दिसला, मन क्षणभर हललं, आणि नवऱ्याच्या आज्ञेवरून पोटच्या पोरानं, परशुरामानं, तिचा वध केला. पुढं त्यानंच वर मागून तिला उठवलं, हे सगळ्यांना माहीत असतं. महाभारताच्या वनपर्वात त्या वराला एक शेपूट आहे, ते मात्र सहसा कुणी सांगत नाही. आईला आपण मारल्या गेलो याची आठवण राहू नये, असंही त्यानं मागितलं.

पोथीनं तिला विसरायला लावलं. पण सौंदत्तीच्या रेणुकेला मार्गशीर्ष पौर्णिमेला जाणाऱ्या बायका काही विसरल्या नाहीत. त्या दिवशी देवीला वैधव्य येतं, तिच्या बांगड्या उतरतात, हे शतकानुशतकं त्यांनी लक्षात ठेवलं. यात्रेहून परतल्यावर आपल्या ओढ्यावरच्या रेणुकेला आंबील, घुगऱ्या, भाजी-भाकरी, कांद्याची पात घेऊन अर्धं कोल्हापूर लोटतं ते त्याच आठवणीचं टोक धरून. लहानपणी मी आत्याबरोबर त्या गर्दीत असायची. एकदा नैवेद्य दाखवताना आत्या रडत होती. का रडतेस विचारलं तर म्हणाली, "तिला आठवत न्हाई म्हणून मी रडते." ती शाळेत कधी गेली नव्हती. वनपर्वातली ती ओळ तिनं वाचली असण्याचा प्रश्नच नाही, तरी ती तिच्यापर्यंत पोहोचली होती.

तेव्हा तुमच्या मुलीनं परकी देवी का घेतली, हा प्रश्न सध्या सोडा. दंडावर डोकं उडवलेली बाई कायमची कोरून घेणं ही आठवण ठेवण्याचीच रीत आहे, आणि ती आपल्याला परकी नाही.

आता ते शेवटचं वाक्य. पुष्कळ मुली मेड्यूसा काढतात ती चित्र छान दिसतं म्हणून, आणि तुमचीही कदाचित तशीच असेल. उगाच भलतं मनात आणू नका. पण विचारल्यावर ती गप्प झाली आणि उठून गेली, हे सोडून देऊ नका. तिच्याशी वाद घालू नका आणि उलटतपासणीही नको. पुढच्या वेळी आली की तिच्या आवडीचं काहीतरी करा, जवळ बसा आणि एवढंच म्हणा, "मी त्या मेड्यूसेची गोष्ट वाचली. तिच्यावर अन्याय झाला होता." पुढं काही बोलू नका. तिला सांगायचं असेल तर ती सांगेल. सांगितलंच तर "आधी का नाही बोललीस" हे वाक्य तोंडातून निघता कामा नये. त्या वाक्यानं मेड्यूसेलाच शिक्षा करणाऱ्या देवीच्या बाजूला जाऊन बसाल तुम्ही, मुलीच्या नाही.

बाईंना नमस्कार. नात लिहून देतीया, मी सांगतीया. नातवानं माझ्या फोनात अंबाबाईचा फोटू घालून दिलाय. देवी डोळं मिटती, उघडती, हसती. दोन हातांत कमळं हाईत आनि हातातनं सोन्याची नाणी पडत्यात. गुडघ्यामुळं मला आता देवळात जायाला हुईना, म्हणून सकाळी उठलं की त्यालाच हात जोडते. सूनबाई म्हणती, ही आपली अंबाबाई न्हवंच. मला पाप लागंल काय?
— एक आजी, वय 82, उत्तरेश्वर पेठ

आजी, पाप कसलं? तुमचे हात कुणाला जोडले जातात, हे तिला कळतं. निर्धास्त रहा.

पण सूनबाईंचंही खरं आहे. रोजच्या दर्शनात साडी आणि दागिन्यांनी मूर्ती झाकलेली असते, त्यामुळं आत काय आहे ते पुष्कळांना ठाऊक नसतं. नातवाला शेजारी बसवा आणि हे वाचून दाखवायला सांगा. आपली अंबाबाई काळ्या पाषाणाची, चार हातांची. उजव्या खालच्या हातात म्हाळुंग, वरच्या हातात गदा. डाव्या वरच्या हातात ढाल, खालच्या हातात पानपात्र, म्हणजे पेयाचं भांडं. मस्तकावर नाग, लिंग आणि योनी. पाठीशी सिंह. देवीमाहात्म्याला जोडलेल्या प्राधानिक रहस्यात महालक्ष्मीचं हेच वर्णन आहे, "मातुलिङ्गं गदां खेटं पानपात्रं च बिभ्रती". मातुलिंग म्हणजे म्हाळुंग, बियांनी भरलेलं फळ. ही गदा उचलणारी, पेय प्राशन करणारी, जगाचं बी हातात धरणारी आदिमाता आहे. नाणी पाडत बसणारी नव्हे.

मग फोनमधली ही कोण? हिचं माहेर काही फार लांबचं नाही. राजा रविवर्मांनी 1894 साली मुंबईत छापखाना काढला, पुढं तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथनं छापून निघालेली कमळात उभी असलेली लक्ष्मी घराघरांत फ्रेममध्ये बसली, मग कॅलेंडरवर, दुकानाच्या गल्ल्यामागं. आता नातू फोनला "महालक्ष्मीचं चित्र काढ" म्हणतो, तेव्हा यंत्र आधी अशाच लाखो चित्रांवरून जे शिकलंय त्याच्या अंदाजानं चित्र काढतं. ज्या रूपाचे फोटो ढिगानं आहेत ते रूप वर येतं. म्हाळुंग आणि पानपात्र धरलेली एकटी करवीरवासिनी त्या ढिगात कुठं सापडायची?

देवीचं रूप बदलूच नये, असं मी म्हणत नाही. आपल्याकडं नवरात्रात रोज बदलतं. ललितापंचमीला ती अंबारीत बसते, अष्टमीला महिषासुरमर्दिनी होते, आणि दुपारच्या आत ते फोटो तुमच्याही फोनवर येतात. पण त्या सगळ्या पूजांमध्ये खाली तीच मूर्ती असते, वर साज चढतो. शहराला हा फरक बरोबर कळतो. 2017 च्या जूनमध्ये देवीला घागरा-चोळी नेसवली गेली तेव्हा लोक रस्त्यावर आले आणि आंदोलन पेटलं. मग हातातली गदा काढून कमळ दिलेलं चित्र आपण सकाळी सकाळी एकमेकांना कसं काय पाठवतो?

नातवाला एवढंच सांगा, की फोटो राहू दे बाबा, पण माझ्या आईच्या हातातलं तिचं तिला परत दे. गदा, ढाल, म्हाळुंग आणि पानपात्र. यंत्राला नीट शब्दांत सांगितलं तर ते काढतंय, मी काढून घेतलंय. पहिल्या दोन वेळा त्यानं म्हाळुंगाच्या जागी आंबा दिला, हेही त्याला सांगा.

बाई, मी पौराणिक स्त्रियांवर मराठीत रील करतो. द्रौपदीवरचं रील सगळ्यात जास्त चाललं. त्यात मी म्हटलंय, "आंधळ्याचा मुलगा आंधळा हे एक वाक्य द्रौपदी बोलली आणि महाभारत घडलं." खाली एका मुलीनं लिहिलं की हे व्यासांच्या महाभारतात नाहीच. तिला खूप लोकांनी शिव्या दिल्या. खरं काय आहे?
— एक वाचक, इचलकरंजी

ती मुलगी बरोबर आहे.

पुण्याच्या भांडारकर संस्थेनं 1919 ते 1966 इतकी वर्षं खपून, देशभरातली हस्तलिखितं ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली. तिच्या सभापर्वात दुर्योधन मयसभेत फसतो, पाण्यात पडतो, तेव्हा हसतात ते भीम, अर्जुन, नकुल, सहदेव आणि नोकरचाकर. त्या प्रसंगात द्रौपदीचं नावही नाही. घरी परतल्यावर दुर्योधन बापाकडं तक्रार करतो, तेव्हा तो म्हणतो की द्रौपदीही बायकांसह हसली. म्हणजे तीही त्याच्या तोंडची गोष्ट. आणि "आंधळ्याचा मुलगा" हे वाक्य तर तिथंही नाही. दूरदर्शनच्या मालिकेमुळं ते घरोघरी पक्कं झालं.

तुझ्यावर रागावण्याचा मला अधिकार नाही. मी 31 वर्षं मुलींच्या शाळेत मराठी शिकवलं, आणि त्यातली पहिली बारा-तेरा वर्षं हेच वाक्य फळ्यासमोर उभं राहून सांगितलं. वर पुस्ती जोडायची, "म्हणून मुलींनो, बोलताना सांभाळून." पुढं सभापर्व स्वतः वाचलं तेव्हा त्या सगळ्या वर्गांचे चेहरे डोळ्यांपुढं आले. किती मुलींना मी एका न बोललेल्या वाक्यासाठी गप्प बसायला शिकवलं! त्याची टोचणी अजून जात नाही.

आणि खरी द्रौपदी काय बोलली ते मात्र मी शिकवलंच नव्हतं. तिला सभेत न्यायला दुर्योधनाचा दूत प्रातिकामी येतो, तेव्हा ती त्याला परत पाठवते. जा आणि त्या जुगाऱ्याला विचार, आधी स्वतःला हरलास की मला? सगळी सभा त्या प्रश्नापाशी अडते. भीष्म म्हणतात, धर्माची गती सूक्ष्म आहे, मला सांगता येत नाही. कौरवांतला एकटा विकर्ण तिच्या बाजूनं उभा राहतो. तुला द्रौपदीचं एकच वाक्य हवं असेल तर हे घे. मिनिटभराच्या रीलमध्ये ते आरामात बसतं.

आणखी एक कर. त्या मुलीची प्रतिक्रिया वर लाव, तिचं बरोबर होतं असं तुझ्याच तोंडानं सांग. तिला शिव्या पडल्या त्या तुझ्या चुकीपायी.

महोदया, हल्ली मुली उठतात आणि सीता, अहल्या यांच्या तोंडी आपल्याला हवं ते घालतात. "मी सीता, मी रामाला प्रश्न विचारते" असले व्हिडिओ रोज येतात. ही परंपरेची मोडतोड आपण थांबवावी असं आवाहन आपल्या सदरातून करावे.
— निवृत्त अधिकारी, ताराबाई पार्क

साहेब, असं आवाहन माझ्या हातून होणार नाही. कारण आधी मला माझ्या आत्याला थांबवावं लागेल. जात्यावर बसली की ती म्हणायची:

राम म्हणू राम, न्हाई सीतेच्या तोलाचा
हिरकणी माझी सीता, राम हलक्या दिलाचा

ही ओवी तिची एकटीची नाही, महाराष्ट्रभर बायका ती म्हणत आल्या. याहून जास्त प्रश्न कुठला व्हिडिओ विचारतो? आणि म्हणणारी हीच बाई दळण आटोपून रामनवमीला पाळण्याची दोरी ओढायला सगळ्यांच्या पुढं असायची. सांगलीच्या तारा भवाळकरांनी अशा बायकांचं म्हणणं ऐकण्यात आणि लिहिण्यात आयुष्य घातलं. 2025 साली दिल्लीत झालेल्या 98व्या साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष झाल्या, तेव्हा मला वाटलं, आत्यालाच व्यासपीठावर बसवलं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव फिरून अशा 1 लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्यातल्या पुष्कळ आता ग्रामीण भारताविषयीच्या 'पारी' या संकेतस्थळावर आहेत, म्हणणाऱ्या बाईचं नाव, गाव आणि कितीतरी ठिकाणी तिचा आवाजही. आपण फोनवरच ऐकू शकता. जरूर ऐका.

मला त्रास होतो तो वेगळ्याच व्हिडिओंचा. आत्या म्हणायची "माझी सीता". तिनं कधी "असं वाल्मीकींनी लिहिलंय" म्हटलं नाही. आपली सीता आपल्या नावावर सांगायची आणि ऐकणारीला पटलं तर पुढच्या जात्यावर न्यायची. जी मुलगी कॅमेऱ्यात तोंड दाखवून "मी सीतेकडं असं बघते" म्हणते, ती आत्याच्याच रांगेतली. पण पाठीमागं शंख वाजवून, जाड्या आवाजात "शास्त्रात सांगितलंय की स्त्रीनं…" असं ठोकून देणारे व्हिडिओ बघा. कुठलं शास्त्र, कुठला अध्याय, बोलणारा कोण, काही पत्ता नसतो. मोडतोड ती आहे. आपण अधिकारी होतात, बिनसहीचा कागद आपण कधी पुढं पाठवला नसेल. हेही पाठवू नका.

बाई, मी दहावीत आहे. शाळेत नवरात्रात दोन मिनिटांचा व्हिडिओ करायचा आहे, विषय "माझी आवडती देवी". सगळ्या मुली दुर्गा नाहीतर अंबाबाई करणार. मी काय करू?
— एक विद्यार्थिनी, टेंबलाईवाडी

अगं, तू राहतेस कुठं ते बघ की!

कोल्हासुराला अंबाबाईनं मारलं हे तुला माहीत असेल. त्याचा मुलगा कामाक्ष. त्यानं योगदंड फिरवून सगळ्या देवांना शेळ्या-मेंढ्या करून टाकलं. त्यांना सोडवलं ते त्र्यंबोलीनं, म्हणजे तुमच्या टेंबलाईनं. पण विजयाचा सोहळा झाला तेव्हा नेमकं तिलाच बोलवायचं राहून गेलं. ती रुसली, टेकडीवर जाऊन शहराकडं पाठ करून बसली. मग अंबाबाई स्वतः लवाजम्यासह तिच्याकडं गेली. टेंबलाई म्हणाली, कोल्हासुराला कसं मारलंस ते मला दाखव. म्हणून ललितापंचमीला पालखी टेकडीवर येते आणि कोहळा फोडतात.

दोन बायकांच्या भांडणाच्या कितीतरी गोष्टी मालिकांमधून बघितल्या असशील. ही तशी नाही. जिचं श्रेय राहून गेलं तिनं ते बोलून दाखवलं, आणि जिची चूक झाली ती मोठी असून चालत गेली. अजून दर वर्षी जाते. आणि त्रिशूळानं कोहळा फोडते ती गुरवांच्या घरातली एक कुमारिका, तुझ्याहून लहान मुलगी.

यंत्राकडून चित्रं काढून घेऊ नकोस. पंचमीला सकाळी लवकर टेकडीवर जा, कोहळ्याच्या तुकड्यासाठी रेटारेटी होते, तेव्हा आईला बरोबर घे आणि फोन गळ्यात दोरीला बांध. तुझ्या आजीला ही गोष्ट सांगायला लाव, ती माझ्याहून वेगळी सांगेल, तिचीच ठेव आणि शेवटी तिचं नाव लिही. त्याआधी एखाद्या मोकळ्या दिवशी नुसती देवळात जाऊन ये. टेंबलाईचं तोंड कुठल्या दिशेला आहे आणि शहर कुठल्या, ते तिथं उभं राहून बघ.